अडीच म्हणजे अडीचच ना? जावा म्हणतं, बघू

वेंगुर्ल्यात माझ्या मामेभावाचा काजूगराचा धंदा आहे, हिशोबाचा प्रोग्राम त्याने स्वतःच जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलाय. परवा फोन आला, "दादा, अडीच किलोच्या पिशव्या रिपोर्टात दोनदा येतायत, २.५ ची वेगळी आणि २.५० ची वेगळी. काजीगर तेच, मगे वळी दोन कित्याक?"

गंमत म्हणजे चूक टाळायला गेला आणि हे झालं. साध्या डबलमधे (जावातला दशांश आकड्यांचा नेहमीचा प्रकार) ०.१ नेमका मावतच नाही, ०.१ + ०.२ बरोबर ०.३ का विचारलं तर चक्क नाही म्हणतं. म्हणून त्याने बिगडेसिमल, म्हणजे दशांश आकडे नेमके ठेवणारा प्रकार, घेतलं, ते बरोबरच.

आता बिगडेसिमल आकडा ठेवतं कसा, तर एक पूर्णांक आणि दशांशस्थळं किती तेवढं. २.५ म्हणजे २५ आणि १, २.५० म्हणजे २५० आणि २. 'दोघे सारखे का?' विचारणारं 'इक्वल्स' दोन्ही तपासतं, म्हणून वेगळे. लहानमोठं ठरवणारं 'कम्पेअरटू' फक्त किंमत बघतं, म्हणून सारखे. आणि भावाच्या रिपोर्टाच्या ओळी ज्यात जमतात तो हॅशमॅप, म्हणजे आकड्याप्रमाणे नोंदी ठेवणारा कप्पा, विचारतो इक्वल्सला! हा जावाचा वेडेपणा नाही हां, २.० ला ३ ने भागून नेहमीसारखं राउंड केलं तर ०.७ येतं, २.०० ला भागलं तर ०.६७, म्हणजे ते शून्य पुढे खरंच काम करतं. पायथन या दुसऱ्या भाषेच्या डेसिमलने मात्र २.५ आणि २.५० ला सारखंच मानलंय. (अंकशास्त्रवाल्यालाही दोन्हीचा मूलांक ७ च येतो, पण तो २५ आणि ५२ लाही एकच भविष्य सांगतो, तेव्हा त्याचा रिपोर्ट नको.)

मला आवडतं ते कम्पेअरटू. आधी चिन्ह बघायचं, मग दशांशचिन्हाच्या डावीकडे किती अंक ते मोजायचं, तिथेच फरक असेल तर संपलं. एकावर दहा लाख शून्यं असलेला आकडा १ पेक्षा मोठा हे शून्यं न मांडताच कळतं, जसं शेजारच्या माडापेक्षा आपला माड दुप्पट असेल तर वर कोण चढत नाही. डावीकडच्या अंकांची संख्या सारखीच निघाली तरच कमी स्थळंवाल्याला दहाच्या पटीने गुणून दोघांची स्थळं जुळवायची (२५ चे २५०) आणि पूर्णांक ताडून बघायचे. ते लांबलचक असले तर ३२-३२ बिटांचे तुकडे, वरच्या तुकड्यापासून खाली, पहिला फरक दिसला की थांबायचं.

भावाला म्हटलं, मॅपमधे टाकायच्या आधी शेवटची शून्यं काढ, त्याला तयार मेथड आहे. अडीचची ओळ एक झाली. पण रद्द ऑर्डरींच्या अजून दोन ओळी, ० आणि ०.०० च्या, कारण त्याच्या काउंटरवरच्या जुन्या पीसीवर जावा ७ आहे आणि ०.०० ची शून्यं ती मेथड जावा ८ पासूनच काढायला लागली.