लोबमायर

लोबमायर, पूर्ण नाव जे. अँड एल. लोबमायर, ही व्हिएन्नातली काचसामान आणि झुंबरं बनवणारी पेढी. १८२३ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून एकाच घराण्याकडे आहे, आता सहावी पिढी, म्हणजे लिओनिद, आंद्रेआस आणि योहानेस राथ हे तिघे चुलतभाऊ ती चालवतात. मग आडनाव लोबमायरचं राथ कधी झालं, ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय ही पेढी समजत नाही. काचेच्या बाकीच्या नावाजलेल्या कंपन्या भट्टीभोवती वाढल्या, लोबमायरचा पाया मात्र स्वतःच्या भट्टीवर कधीच नव्हता. मूळचं दुकान. डिझाइन यांचं, कोरी काच बोहेमियातल्या, म्हणजे आताच्या चेकियाच्या पश्चिम भागातल्या, भट्ट्यांकडून फुंकून घ्यायची, मग तिच्यावर पैलू पाडणं, कोरणं, रंगवणं हे निवडक कारागिरांकडून किंवा स्वतःच्या वर्कशॉपमध्ये करायचं. म्हणजे घराण्याचं खरं भांडवल होतं ते नजरेचं, कोणाकडून काय करून घ्यायचं आणि काय परत पाठवायचं याचं.

संस्थापक योसेफ लोबमायर हा अप्पर ऑस्ट्रियातल्या ग्रीसकिर्शेनचा, धंद्याने काचा बसवणारा. १८५५ मध्ये तो वारला आणि दुकान योसेफ आणि लुडविग या मुलांकडे आलं, नावातले जे आणि एल ते हेच दोघे. योसेफही १८६४ मध्ये गेला आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं लुडविगची. त्याची बहीण विल्हेल्म क्रालिकला दिलेली, आणि हा क्रालिक बोहेमियातल्या मोठ्या काचभट्ट्यांचा मालक, त्यामुळे उत्तम काच घरच्या सोयरिकीतूनच मिळायची. त्या भट्ट्यांचं नाव ‘मायर्स नेफे’, अर्थ सरळ ‘मायरचा भाचा’, कारण क्रालिकला त्या मामाकडून मिळालेल्या. गंमत म्हणजे लुडविगलाही मूलबाळ नव्हतं आणि १९०२ मध्ये त्याने पेढी सोपवली ती भाच्याकडेच, श्टेफान राथकडे. तेव्हापासून आडनाव राथ.

लुडविगच्या काळात पेढी राजदरबाराची पुरवठादार झाली, १८७३ च्या व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात गाजली. विजेचे दिवे अजून नवलाईचे होते तेव्हा, १८८३ मध्ये, एडिसनच्या कंपनीसोबत त्यांनी विजेवरचं झुंबर केलं, ते जगातलं पहिलं असं पेढी सांगते. पहिलं असो नसो, त्यात एक साधा फायदा होता, की मेणबत्तीची ज्योत वर जाते त्यामुळे जुन्या झुंबरांची सगळी रचना तिच्या धुराला आणि ठिबकणाऱ्या मेणाला वाट देण्यासाठी असायची, बल्ब मात्र उलटा लटकवता येतो, लोलकांच्या आत लपवता येतो, कुठेही.

आता पैलू पाडलेल्या अशा काचेला कट क्रिस्टल म्हणतात, ते म्हणजे नक्की काय. नाव क्रिस्टल असलं तरी शास्त्रीयदृष्ट्या ती साधी काचच, आत स्फटिकाची शिस्तबद्ध रचना वगैरे काही नसते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने काचेत शिशाचं ऑक्साइड घालायला सुरुवात केली, त्याने काच जड आणि जरा मऊ झाली आणि प्रकाश जास्त वाकवायला लागली, म्हणून पैलू झगमगतात. युरोपात आज किमान २४ टक्के शिशाचं ऑक्साइड असेल तरच लेड क्रिस्टल म्हणता येतं. बोहेमियाची परंपरा वेगळी, तिथे जंगलातल्या लाकडाची राख, म्हणजे पोटॅश, वापरून काच करायचे, ती कडक आणि कोरायला उत्तम. लोबमायरची काच याच घराण्यातली, शिशाशिवायची.

पैलू पाडणारा कारागीर ग्लास फिरत्या चाकावर वरून दाबून धरतो, काप पडतो पलीकडच्या बाजूला आणि तो बघतो काचेतून आरपार. आधी खरखरीत चाक, मग बारीक दगडाचं, मग पॉलिश, आणि सतत पाण्याची धार. कोरीवकामाचं उलटं. तिथे तांब्याच्या लहान लहान चकत्या असतात, काही तर टाचणीच्या डोक्याएवढ्या, त्यांना कुरुंद या कठीण खनिजाची तेलात कालवलेली पूड लावतात आणि ग्लास चकतीच्या खाली धरतात. पूड आणि तेल पसरल्यामुळे नेमकं जिथे कोरलं जातंय तेच दिसत नाही, मग पुसायचं, बघायचं, परत लावायचं. बोटांनी अंदाज घेत चाललेलं काम आहे ते, चुकलं तर खोडता येत नाही.

श्टेफान राथने योसेफ हॉफमनसारख्या डिझायनरना बोलावलं आणि पहिल्या महायुद्धानंतर बोहेमियातल्या श्टाइनशोनाउला, आताचं कामेनिट्सकी शेनोव्ह, स्वतःची शाखा काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात ती सरकारजमा झाली. त्याच्या काळातला सगळ्यात प्रसिद्ध सेट १९३१ चा, आडोल्फ लोसचा, नंबर २४८. आर्किटेक्ट लोस म्हणजे नक्षीकामाचा कट्टर वैरी, त्यामुळे ग्लास अगदी सरळसोट, भिंती कोऱ्या, फक्त जाड तळाला बारीक जाळीचा काप. पाणी ओतलं की तळ चमकतो, बाकी काही नाही. पण याच लोसने नंतर तळाला फुलपाखरं, छोटे प्राणी, माणसाच्या आकृती कोरून बघा असं सुचवलं होतं, म्हणजे वैर तितकंसं पक्कं नव्हतं बहुतेक.

झुंबरांमध्ये मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या झुंबरांना तोड नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने युरोपला सावरायला दिलेल्या मार्शल योजनेच्या मदतीबद्दल आभार म्हणून ऑस्ट्रियाने ती भेट दिली, हान्स हाराल्ड राथने डिझाइन केली, १९६६ मध्ये ऑपेराच्या नव्या इमारतीसोबत ती लागली. एकूण ३२, त्यातली २१ प्रेक्षागृहात आणि ११ लॉबीत. मधल्या गोळ्यातून चहूबाजूंना काड्या फुटलेल्या आणि टोकांना क्रिस्टल, म्हणून लोक त्यांना सोव्हिएत उपग्रहाच्या नावाने स्पुटनिक म्हणतात. आर्किटेक्ट वॉलेस हॅरिसनला नेहमीचं राजवाडी झुंबर नको होतं, त्याने राथला विश्वाच्या उत्पत्तीवरचं पुस्तक दिलं आणि राथने बटाट्यात काड्या खोचून पहिलं मॉडेल केलं असं सांगतात. प्रयोग सुरू होण्याआधी प्रेक्षागृहातली १२ झुंबरं हळूहळू छताकडे वर जातात, नाहीतर वरच्या मजल्यावरच्यांना रंगमंच दिसणार नाही. २००८ मध्ये ती दुरुस्तीला परत व्हिएन्नाला गेली होती, म्हणजे बनवल्यावर ४२ वर्षांनी त्याच पेढीच्या हातात.

आता या पेढीच्या काचेचं आकर्षण कसलं? कट ग्लास म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते जडशीळ, हातात घेतल्यावर मनगट दुखवणारं भांडं, आणि बऱ्याच जणांना तेच श्रीमंती वाटतं. लोबमायरची ओळख नेमकी उलटी आहे. त्यांची ‘मसलिन’ काच मिलिमीटरभर जाडीची, लाकडी साच्यात तोंडाने फुंकलेली, ओठांना कड जाणवत नाही इतकी पातळ, आणि दाबली तर किंचित लवते, ते पहिल्यांदा अनुभवणारा घाबरून ग्लास खाली ठेवतो. दुसरं कारण मला जास्त पटतं. यांचे सेट नावापेक्षा नंबराने ओळखले जातात आणि जुने नंबर बंद होत नाहीत, लुडविगच्या काळातले सेट अजूनही ऑर्डर देऊन मिळतात, त्यामुळे आजीच्या सेटमधला एखादा ग्लास फुटला तर तोच पुन्हा करून घेता येतो. स्वस्त नक्कीच नाही, वेळही लागतो, पण उरलेले पाच ग्लास कपाटात पडून राहत नाहीत. व्हिएन्नातल्या केर्ंटनर श्ट्रास या रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावर छोटं संग्रहालयही आहे, तिथे जुन्या वस्तू बघायच्या आणि त्यातल्या काहींच्या नव्याने केलेल्या प्रती खाली विकतही घ्यायच्या.