ब्लायबर्गचे देवदूत आणि बंदुकीचे छर्रे : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या सफोक परगण्यात, ब्लाय नदीच्या दलदलीकाठी ब्लायबर्ग नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या मानाने तिथलं होली ट्रिनिटी चर्च अवाढव्य दिसतं. लोक त्याला 'दलदलीचं कॅथेड्रल' म्हणतात, पण ते कधीच कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, नव्हतं. ते साधं पॅरिश चर्च, म्हणजे गावकऱ्यांचं चर्च.

एवढ्याशा गावाला एवढं मोठं चर्च कशाला? मध्ययुगात ब्लायबर्ग हे गजबजलेलं बंदर होतं. शेजारी ऑगस्टिनियन संन्याशांचा मठ होता. 1412 मध्ये मठाला या चर्चचा वेदीकडचा भाग नव्याने बांधायची परवानगी मिळाली, आणि 15व्या शतकात मनोरा वगळता जवळजवळ सगळं चर्च नवं झालं. पुढे जहाजं मोठी होत गेली, नदी गाळाने भरली आणि व्यापार गेला. राजा आठव्या हेन्रीने 1530च्या दशकात देशभरचे मठ बंद केले, त्यात हाही गेला. मोठी वास्तू तेवढी मागे राहिली.

4 ऑगस्ट 1577, रविवार. प्रार्थना चालू असताना वादळ झालं, वीज पडली, एक माणूस आणि एक मुलगा दगावला. लोककथेत विजेच्या जागी काळा राक्षसी कुत्रा आला. उत्तरेकडच्या दारावरचे जळके डाग म्हणजे त्याच्याच पंजाच्या खुणा, असं आजही सांगतात.

पण या चर्चचं खरं वैभव छतात आहे. तुळयांच्या मध्यभागी पाठीला पाठ लावून बसवलेले, पंख पसरलेले लाकडी देवदूत, आणि फिकट झालेला मूळ रंग. 9 एप्रिल 1644 रोजी विल्यम डाउसिंग इथे आला. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात संसदेच्या बाजूने चर्चमधल्या 'अंधश्रद्धेच्या' प्रतिमा फोडायचं काम त्याच्याकडे होतं, आणि गडी रोजनिशी लिहीत असे. त्यात त्याने इथले 20 देवदूत उतरवायचे आणि 200हून अधिक चित्रं आठ दिवसांत काढायची, असा हुकूम नोंदवलाय. तरी बरेच देवदूत वरच राहिले. का? मला वाटतं, एवढ्या उंचीवर शिडी लावायचा खर्च करणार कोण!

देवदूतांच्या अंगात शिशाचे छर्रे सापडले, तेव्हा डाउसिंगच्याच माणसांनी गोळ्या झाडल्या असणार, असं सगळे धरून चालले. गोष्ट रंगतदार आहे, पण ते छर्रे 18व्या शतकातले. चर्चच्या जमाखर्चात आत घुसलेले जॅकडॉ जातीचे छोटे कावळे मारायला दारूगोळ्याचे पैसे दिल्याच्या नोंदी आहेत. देवदूतांना लागलं ते कावळ्यांवरचा नेम चुकून.

पुढे छत गळू लागलं. 1881 मध्ये बिशपने चर्च धोकादायक ठरवून बंद केलं. दुरुस्ती कशी करायची यावरून तिथल्या पाद्र्याचं आणि कलावंत-लेखक विल्यम मॉरिसने 1877 मध्ये स्थापन केलेल्या जुन्या इमारतींच्या संरक्षण संस्थेचं चांगलंच वाजलं. जुनं काढून चकचकीत नवं बसवायची तेव्हा इंग्लंडभर टूम होती. तिच्यात कितीतरी चर्चची मूळ छतं गेली. ब्लायबर्गला संस्थेचा विरोध आडवा आला, आणि त्याहून जास्त गावाची रिकामी तिजोरी. पैसा असता, तर हे रंग केव्हाच खरवडले गेले असते.