वेढ्यातल्या लेनिनग्राडची मैफल

९ ऑगस्ट १९४२ रोजी लेनिनग्राडच्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या, फिलहार्मोनिक सभागृहात रशियन संगीतकार दमित्री शोस्ताकोविच यांची सातवी सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, वाजली. मैफलीचं श्रेय बहुतेक वेळा त्यांनाच दिलं जातं. माझ्या मते त्यावर पहिला हक्क वाजवणाऱ्यांचा आहे.

जर्मन फौजांनी ८ सप्टेंबर १९४१ला शहराची नाकेबंदी केली. शोस्ताकोविच इथलेच. सिम्फनीचे पहिले तीन भाग त्यांनी तोफांच्या आवाजात लिहिले. ऑक्टोबरमध्ये त्यांना शहराबाहेर हलवण्यात आलं आणि डिसेंबरअखेरीस कुइबिशेव्हमध्ये, म्हणजे आजच्या समारात, रचना पुरी झाली. ५ मार्च १९४२ला तिथंच ती प्रथम वाजली. स्वरलिपीची मायक्रोफिल्म तेहरान-कैरोमार्गे अमेरिकेत पोचली आणि जुलैत वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींनी ती न्यूयॉर्कहून रेडिओवर ऐकवली.

लेनिनग्राडमध्ये मात्र वाजवायला माणसंच उरली नव्हती. मुख्य फिलहार्मोनिक वाद्यवृंद नोवोसिबिर्स्कला गेला होता. मागे राहिला तो रेडिओचा वाद्यवृंद आणि त्याचे संचालक कार्ल एलियासबर्ग. त्या हिवाळ्यात बहुतेकांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येई, तोही भेसळीचा. कित्येक वादक उपासमारीनं गेले. मार्चमधली पहिली तालीम तीन तासांची ठरली होती, ती पंधरा मिनिटांत थांबवावी लागली. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांच्या फुप्फुसात फुंकण्याइतकीही ताकद नव्हती. खुद्द एलियासबर्ग इतके खंगले होते की त्यांना घसरगाडीवरून आणावं लागे.

या सिम्फनीला शंभरेक वादक लागतात. मग लष्करी बँडमधले वादक आघाडीवरून बोलावले गेले, वादकांना जादा शिधा मिळू लागला. पहिल्या भागात साइड ड्रमचा (काठ्यांनी वाजवायच्या छोट्या ढोलाचा) एकच ठेका कितीतरी वेळ, थांबल्याशिवाय, चढत्या आवाजात चालतो. अशक्त हातांनी तो शेवटपर्यंत सांभाळणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा!

मैफलीआधी सोव्हिएत जनरल गोवोरोव्ह यांच्या तोफखान्यानं जर्मन तोफांवर मारा करून त्यांना गप्प केलं. ध्वनिवर्धकांवरून संगीत शहरभर गेलं, आघाडीपलीकडच्या शत्रूपर्यंतही.

युद्धानंतर फिलहार्मोनिक वाद्यवृंद परतला आणि एलियासबर्ग बाजूला पडले, हे मनाला लागतं. २७ जानेवारी १९६४ रोजी, वेढा उठल्याच्या विसाव्या वर्षी, हयात असलेले जुने वादक त्यांच्याच संचालनाखाली त्याच सभागृहात हीच सिम्फनी वाजवायला पुन्हा बसले.