पाळीव कुत्र्याचं लसीकरण

कुत्र्याची लस म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना रेबीजचं इंजेक्शनच आठवतं, पण पिल्लाच्या दवाखान्यातल्या पहिल्या फेरीत सहसा रेबीज नसतंच, आधी असते ती कॉम्बो लस, म्हणजे एकाच इंजेक्शनात बऱ्याच रोगांवरची, जिला क्लिनिकमध्ये सेव्हन इन वन, नाइन इन वन असं काहीतरी म्हणतात. मोठा आकडा म्हणजे भारी लस असं लोक धरून चालतात. खरं तर आतली मुख्य मंडळी तीच, डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस, पॅराइन्फ्लुएन्झा या रोगांवरची, आणि आकडा फुगतो तो बराचसा लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या रोगाच्या जंतूंचे) प्रकार वेगवेगळे मोजल्यामुळे.

पहिला डोस 6 ते 8 आठवड्यांचं पिल्लू असताना, मग दर 3-4 आठवड्यांनी बूस्टर, आणि शेवटचा डोस 16 आठवडे झाल्यावर किंवा त्याच्या पुढे. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. लोक म्हणतात एकदा टोचलंय ना, मग परत परत कशाला, डॉक्टर पैसे काढतोय. कारण असं, की पिल्लाला आईच्या चिकातून तयार अँटीबॉडी मिळतात आणि त्या पहिले काही आठवडे त्याला वाचवतात, पण त्याच अँटीबॉडी लसीतल्या कमकुवत केलेल्या विषाणूलाही मारून टाकतात, म्हणजे लस दिली तरी वाया. त्या नेमक्या कधी संपतात ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, एकाच वेतातल्या दोन भावांचंसुद्धा वेगळं, म्हणून डोस परत परत द्यायचे, त्यातला एकतरी बरोबर वेळी पडतो. पहिला डोस झाला की बिनधास्त बागेत फिरवणारे लोक पार्व्होला आमंत्रणच देतात.

पार्व्हो जगभर पसरला 1978 च्या सुमारास, म्हणजे तसा नवाच रोग. वांत्या, रक्ताचे जुलाब, आणि तो एक घाण वास, एकदा आला की विसरत नाही. विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनेलने मरत नाही, ब्लीचच लागतं, त्यामुळे आधीचं पिल्लू पार्व्होने गेलं असेल त्या घरात लगेच दुसरं आणू नये. डिस्टेंपरचा विषाणू माणसाच्या गोवराच्या कुळातला, तो मेंदूपर्यंत पोचला की झटके येतात. लेप्टो उंदरांच्या लघवीतून पावसाच्या पाण्यात उतरतो आणि माणसालाही होतो, 2005 च्या पुरानंतर मुंबईने ते भोगलंय. याची लस दरवर्षी लागतेच, डिस्टेंपर-पार्व्होचं मोठ्या कुत्र्यात तीन वर्षांनी चालतं असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, तरी आपल्याकडे बरेच डॉक्टर सगळं वर्षाला देतात.

टोचताना बघण्यासारखं असतं. एका छोट्या बाटलीत तळाशी पांढरी कोरडी वडी, दुसरीत पाणी, डॉक्टर पाणी ओढून वडीत सोडतात, हलवतात आणि मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई घालतात. पिल्लाला बिस्किटाचा तुकडा दिसत असेल तर कळतही नाही. मग बाटलीवरचं स्टिकर काढून कार्डावर चिकटवतात, बॅच नंबर, तारीख, सही. हे स्टिकर महत्त्वाचं, कारण 35-40 दिवसांचं पिल्लू 'व्हॅक्सिन झालंय' सांगून विकणाऱ्यांच्या कार्डावर नुसती पेनाने लिहिलेली तारीख असते, तिला काही अर्थ नाही. लस 2 ते 8 डिग्रीतच ठेवायची असते, म्हणून मेडिकलमधून आणून घरी टोचायच्या भानगडीत पडू नये. लस टोचण्याआधी पिल्लाचं जंताचं औषध झालेलं असावं. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं, तोंड सुजलं तर लगेच उपचार होतात. एक दिवस झोपाळू राहिलं तर घाबरायचं कारण नाही.

रेबीजची लस साधारण 3 महिन्यांनंतर, मग बूस्टर, आणि आपल्याकडे दरवर्षी. पिसाळल्याची लक्षणं दिसली की कुत्रं काय नि माणूस काय, जवळपास कुणीच वाचत नाही. माणसाला 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही जुनी भीती मज्जातंतूंपासून बनवलेल्या लसीची, ती भारतात बंद होऊनही वीसेक वर्षं झाली, आता दंडात मोजकी देतात. घरचं कुत्रं लसवालं असलं तरी चावल्यावर जखम 15 मिनिटं साबण-पाण्याने धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही. गोव्यात तर रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही मोहीम काढून लस दिली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. आपल्या गावात सरकारी गुरांच्या दवाखान्यात चौकशी केली तर बऱ्याचदा रेबीजची सोय स्वस्तात होते.

परदेशी जाणाऱ्यांचा एक वेगळा घोळ असतो. युरोपात कुत्रा न्यायचा तर मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) आधी आणि रेबीजची लस नंतर, उलटं झालं तर ती लस धरतच नाहीत, परत टोचावी लागते. लस झाली की 30 दिवस थांबून रक्त तपासायला द्यायचं, रिपोर्ट नीट आला तरी रक्त घेतल्यापासून 3 महिने वाट बघायची. व्हिसा आणि तिकीट हातात आल्यावर हे कळलेले लोक कुत्रा आजीकडे ठेवून जातात.