वेस्टर्न चित्रपटांतील लांब पल्ल्याचा नेम

वेस्टर्न (अमेरिकेच्या जुन्या पश्चिम सरहद्दीवर घडणाऱ्या) चित्रपटांत रायफलच्या एकाच बाराने दूरच्या टेकडीवरचा घोडेस्वार पाडण्याचा प्रसंग व त्याची वास्तवता. या संकेताला आधार म्हणून बहुधा टेक्ससमधील अडोबी वॉल्सच्या दुसऱ्या लढाईचा (जून १८७४) दाखला देतात. कोमांची, कायोवा व शायेन या मूळ अमेरिकी जमातींच्या योद्ध्यांच्या वेढ्यात बिली डिक्सन या रानरेड्यांच्या शिकाऱ्याने उसन्या शार्प्स रायफलने दूरच्या कड्यावरील स्वार पाडला. हे अंतर १,५३८ यार्ड (सु. १,४०६ मी.) असल्याचे रूढ आहे, मात्र तो आकडा नंतरच्या मोजणीचा आहे. पत्नी ऑलिव्हने शब्दांकित केलेल्या आठवणींत (१९१४) डिक्सन सुमारे पाऊण मैल, म्हणजे १,३२० यार्ड, सांगतो आणि नेम नशिबाने लागल्याचेही मान्य करतो. नेमबाजाने स्वतःच कमी सांगितलेले अंतर अधिक ग्राह्य वाटते. काडतुसाबद्दलही एकमत नाही. डिक्सन ‘बिग फिफ्टी’ म्हणतो. काहींच्या मते ते १८७२ च्या सुमारास आलेले .५०-९० (०.५० इंची गोळी, ९० ग्रेन काळी दारू; १ ग्रेन = सु. ०.०६५ ग्रॅ.), तर काहींच्या मते जुने .५०-७० असावे.

गोळी इतक्या दूर पोहोचते, यात शंका नाही. अडचण अंतराच्या अंदाजाची आहे. काळ्या दारूची जड गोळी १,५०० यार्डांवर तिरपी उतरते, त्यामुळे वीस-पंचवीस मीटरांची चूकही नेम हुकवते. गोळीला पोहोचण्यास सुमारे पाच सेकंद लागतात. बाराचा आवाज तिच्या आधी पोहोचतो. पडद्यावर मात्र चाप ओढताच स्वार कोसळतो. धुराच्या लोटाने नेमबाजाची जागा उघडी पडते, हेही सहसा दाखवत नाहीत.

अंतर ठाऊक असेल, तर गोष्ट वेगळी. न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे १८७४ च्याच सप्टेंबरात ८०० ते १,००० यार्डांच्या सामन्यात अमेरिकेने आयर्लंडला ९३४–९३१ असे हरवले. रायफलवर बसवायच्या दुर्बिणीही तेव्हा मिळत. विल्यम माल्कम १८५५ पासून त्या बनवीत होता.

चित्रपटांतील नायकाच्या हाती बहुधा शार्प्सऐवजी विंचेस्टर १८७३ ही रायफल असते. तिचे .४४-४० काडतूस ४० ग्रेन दारूचे. दोनशे यार्डांपलीकडे तिच्यावर भिस्त ठेवणे कठीण. ऑस्ट्रेलियात घडणाऱ्या क्विग्ली डाउन अंडर (१९९०) या चित्रपटात .४५-११० शार्प्स असल्याने निदान हत्यार तरी योग्य आहे.