नाण्यावरची जखम टांकसाळीतली की बाहेरची?

‘हे चुकलेलं नाणं तुमच्याकडे असेल तर तुम्ही लखपती’ असे व्हिडिओ हल्ली सतत फिरत असतात. त्यांतली कितीतरी नाणी चुकलेली नसतातच. ती टांकसाळीबाहेर मार खाल्लेली असतात. हा फरक भिंगाखाली दिसतो, त्यासाठी कोणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही.

नाणं ठशाच्या उलट असतं. ठशात जे खोल, ते नाण्यावर उंच. पोलादी ठशाला तडा गेला, तर छाप पडताना धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उठावदार रेघ येते. ओरखडा मात्र खोल जातो आणि उकरलेला धातू त्याच्या कडेला साचतो. शिवाय ठशातला दोष त्या ठशाच्या पुढच्या नाण्यांवरही उमटत राहतो. १९५५ सालच्या अमेरिकन एका सेंटवरची अक्षरं दुहेरी दिसतात, कारण ठसा घडवतानाच ती किंचित सरकून दोनदा उमटली होती. अशी हजारो नाणी बाहेर पडली.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते चंद्रकोरीएवढा तुकडा नसलेलं नाणं. कोऱ्या चकत्या धातूच्या पट्टीतून कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की कापणारा पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकती कोर गेलेलीच निघते. पुढे काठ उचलला जावा म्हणून चकती कडेने दाबत फिरवतात. हा दाब समोरासमोरच्या दोन बाजूंनी पडतो. एका बाजूला धातूच नसेल, तर समोरच्या बाजूलाही रेटा मिळत नाही. दोन तळहातांत धरलेल्या वस्तूवरून एक हात काढून घ्यावा, तसं. म्हणून कोरीच्या बरोबर समोर काठ फिका पडतो, कधी पार विरतो. हाच ब्लेक्सली परिणाम. मागाहून कानशीने कोर घासली, तर समोरचा काठ ठसठशीतच राहतो.

कोरीलगतची अक्षरंही पाहावीत. खऱ्या चुकीत छाप पडताना धातू मोकळ्या जागेकडे सरकतो, त्यामुळे ती ओढल्यासारखी, बसकी होतात. घासलेल्या नाण्यावर ती शेवटपर्यंत रेखीव येतात आणि एकदम तुटतात. वजनकाटा इथे निवाडा देत नाही, तुकडा कसाही गेला तरी नाणं हलकंच भरतं. आणि कोर अगदी लहान असेल, तर खऱ्या नाण्यावरही समोरचा काठ शाबूत असू शकतो. तेव्हा अक्षरांवरच भिस्त ठेवावी लागते.