पोलीसजोडीपट आणि बेळगावचा सीमाभाग

पोलीसजोडीपट हा गुन्हेपटाचा एक प्रकार. स्वभावाने अजिबात न जुळणारे दोन पोलीस एकाच तपासाला जुंपले जातात. एक नियमावर बोट ठेवणारा, दुसरा नियम खुंटीला टांगणारा. आधी खडाजंगी, मग जिवावरचा एखादा प्रसंग आणि शेवटी एकमेकांसाठी गोळी झेलायची तयारी, असा त्याचा ठरलेला प्रवास असतो. गुन्हेगार कोण, हे प्रेक्षक पुढे विसरतात. लक्षात राहते ती जोडी.

या प्रकाराचा उगम बरेच अभ्यासक अकिरा कुरोसावा यांच्या ‘स्ट्रे डॉग’मध्ये (१९४९) शोधतात. त्यात तरुण पोलिसाचे पिस्तूल चोरीला जाते आणि मुरलेला वरिष्ठ त्याला सोबत घेऊन टोकियोच्या उकाड्यात ते शोधत फिरतो. ‘इन द हीट ऑफ द नाइट’ने (१९६७) जोडीत वर्णभेदाचा ताण आणला. ‘४८ अवर्स’ (१९८२) आणि ‘लेथल वेपन’ (१९८७) यांनी साचा पक्का केला.

साचा इतका पक्का झाल्यावर त्याला मानवंदना देणारे चित्रपट येणे स्वाभाविक होते. त्यांतला सर्वांत जाणता म्हणजे एडगर राइट यांचा ‘हॉट फझ’ (२००७). लंडनचा अतिकार्यक्षम पोलीस निकोलस एंजल इतरांच्या तुलनेत फार जास्त अटका करतो, म्हणून सहकाऱ्यांना जड होतो आणि त्याची बदली सँडफर्ड या शांत खेड्यात होते. तिथला जोडीदार डॅनी हा पोलीसपटांवरच वाढलेला. ‘आकाशात गोळ्या झाडत कधी किंचाळलायस का?’ अशा अर्थाचे प्रश्न तो एंजलला विचारतो आणि त्याला समोर बसवून ‘पॉइंट ब्रेक’ (१९९१) व ‘बॅड बॉइज टू’ (२००३) हे पोलीसपट दाखवतो. तिथे हसू येते. पण शेवटाकडे स्वतःच्या बापावर बंदूक रोखायची वेळ आली तेव्हा डॅनीच्या हातून गोळी सुटत नाही; तो नळी वर करतो आणि आकाशात झाडत ओरडतो. ‘पॉइंट ब्रेक’मधल्या पोलिसालाही जीव जडलेल्या गुन्हेगारावर गोळी झाडवत नाही आणि तो आकाशात झाडत ओरडतो; तोच क्षण आता डॅनीच्या घरातला झालेला असतो. विडंबन आणि मानवंदना यांतला फरक समजून घ्यायला हे एक दृश्य पुरेसे आहे. साच्याची टिंगल कुणीही करू शकतो. त्या साच्यावर जीव असल्याशिवाय असे दृश्य लिहिता येत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी प्रेक्षकाला या प्रकाराचा गाभा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘हद्द कुणाची?’ हा पोलीसजोडीपटातला हमखास वाद इथे रस्त्यावर दिसतो. महामार्गावर कोगनोळीपाशी आणि वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीपाशी राज्य बदलते, खाकी तीच राहते. फिर्यादी मराठीत सांगतो, हवालदार मराठीतच उलट विचारतो आणि कागदावर उतरवतो कन्नडमध्ये. दोन भाषांची माणसे एका जीपमध्ये बसली की चिडवाचिडवी आलीच, आणि ती आपलेपणाचीच असते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधले बेळगावचे रावसाहेब ज्या कानडी वळणाच्या मराठीत शिव्या घालतात त्याच मराठीत जीव लावतात. पोलीसजोडीपटातले संवाद चालतात ते नेमके याच जोरावर.

मराठीत ही जोडी महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी घरोघरी नेली. ‘दे दणादण’मध्ये (१९८७) महेश इन्स्पेक्टर आणि लक्ष्या हवालदार. लक्ष्याला अचाट शक्ती मिळते, पण लाल रंग दिसला की ती गळून जाते. ही कल्पना ‘सुपर फझ’ (१९८०) या इटालियन चित्रपटातली. उसनवारी उघड असली तरी हवालदाराची भाबडी निष्ठा आणि साहेबाचा वैताग अस्सल मराठी ठाण्यातला आहे, म्हणून तो चित्रपट आजही टिकून आहे. हिंदीत ‘मैं खिलाडी तू अनाडी’ने (१९९४) खऱ्या पोलिसाच्या जोडीला पोलीस व्हायची हौस असलेला नट दिला, ‘धूम’ (२००४) मालिकेत अधिकाऱ्याच्या मागे मोटरसायकल मेकॅनिक बसला.

सीमाभागातला प्रेक्षक कन्नड चित्रपटही पाहतो, आणि मानवंदनेचे अलीकडचे चांगले उदाहरण त्याच भाषेत आहे. ‘अवने श्रीमन्नारायणा’मध्ये (२०१९) रक्षित शेट्टी यांचा लबाड इन्स्पेक्टर नारायण आणि अच्युत कुमार यांचा हवालदार अच्युतण्णा काल्पनिक अमरावती गावात दरोडेखोरांच्या लुटीचा माग काढतात. बाज सारा वेस्टर्नपटाचा, पण साहेब-हवालदाराचे नाते ओळखीचे. हिंदीसह इतर भाषांतही तो प्रदर्शित झाला. ज्याला थोडेफार कन्नड कळते त्याने मात्र मूळ भाषेतच पाहावा. अच्युतण्णाच्या ‘सार’ (म्हणजे ‘सर’) म्हणण्यातली आर्जवे, कंटाळा आणि माया डबिंगमध्ये उतरत नाही.